त्याची बिडी आणि त्याच्या गोळ्या

‘त्याच्या आयुष्यात दुसरं राहिलंय काय? ओढू दे की बिडी. तुम्ही कशाला मागे लागता?’ स्किझोफ्रेनिया असलेल्यांच्या घरची माणसं, विशेषतः आया, मला हे हमखास विचारतात. मी मानसोपचार विभागात समुपदेशन करते. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

त्याला तलफ तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त येते आणि तो मनाचा कच्चा आहे म्हणून येते असं मुळीच नाही. या आजारात नको ते आवाज बाजूला सारणं मेंदूला जड जातं. पंख्याची घरघर, शेजारचा टीव्ही, कुकरची शिट्टी, सगळं एकदम अंगावर येतं. निकोटिनने ही गाळणी थोडा वेळ सुधारते. ‘ओढली की समोरच्याचं बोलणं नीट ऐकू येतं,’ असं एक तरुण मला म्हणाला होता. पिवळी पडलेली बोटं तो टेबलाखाली लपवत होता. त्याला रागावण्यासारखं काय होतं त्यात? शिवाय मेंदूतल्या डोपामिन नावाच्या ज्या रसायनाचा तोल आजारात ढळतो, तेच निकोटिनमुळे वाढतं. सवय लवकर जडते ती त्यामुळेही.

तरीही मी मागे लागते. गंभीर मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा १० ते २० वर्षं आधी जातात आणि त्यातली बरीचशी हृदयाच्या, फुफ्फुसाच्या दुखण्याने जातात. मन सांभाळता सांभाळता छातीकडे दुर्लक्ष झालेलं मला बघवत नाही.

‘सोडली तर डोकं पुन्हा बिघडेल’ ही भीती मी समजू शकते. पण २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात आठ हजारांहून अधिक माणसं होती, त्यातली निम्मी मानसिक आजार असलेली. त्यांचा आजार स्थिर होता. सिगारेट सोडवणाऱ्या गोळ्या किंवा निकोटिनची पट्टी घेतल्याने त्यांचा मानसिक त्रास लक्षणीय वाढला नाही.

आता गोळ्यांचं, कारण खरी गफलत इथेच होते. धुरामुळे यकृतातलं औषधं मोडणारं एक एन्झाइम जोरात काम करू लागतं आणि क्लोझापिन, ओलान्झापिन ही या आजारावरची औषधं शरीरातून लवकर संपतात. हे काम धुराचं, निकोटिनचं नव्हे. त्यामुळे तंबाखू मळणाऱ्याच्या बाबतीत असं होत नाही. (तोंडाच्या कॅन्सरची भीती अर्थातच आहे.) वॉर्डात बिडी बंद असते, तेव्हा त्याच डोसने औषध रक्तात साठतं. माणूस दिवसभर पेंगतो, तोंडातून लाळ गळते. घरी जाऊन पुन्हा ओढायला लागला की औषध कमी पडतं, नसलेले आवाज पुन्हा ऐकू येऊ लागतात आणि घरचे म्हणतात, गोळ्या लागू पडत नाहीत.

म्हणून बिडी सुटो, कमी होवो की पुन्हा सुरू होवो, त्याच आठवड्यात डॉक्टरांना सांगा. डोस ते बदलतील, तुम्ही आपल्या मनाने बदलू नका. आणि त्याला दिवसाला किती ओढतोस हे विचाराल तेव्हा आवाज चढवू नका, नाहीतर तो खरा आकडा सांगणार नाही.