शिट्टी परत आली तेव्हा

छातीरोग विभागात मी निवासी डॉक्टर म्हणून दुसऱ्या वर्षाला होते. जानेवारीतल्या एका पहाटे, साडेतीनच्या सुमारास, गावात पिठाची गिरणी चालवणाऱ्या 34 वर्षांच्या एका बाईंना त्यांच्या सासूबाई आणि दीर जीपमधून घेऊन आले. खाटेच्या कडेवर दोन्ही हात रोवून, खांदे वर ओढून त्या बसल्या होत्या. नाव विचारले तर एकेक अक्षर तोडून सांगत होत्या, आणि त्यांच्या केसांच्या मुळाशी अजून पीठ दिसत होते.

श्वास मिनिटाला 36, नाडी 138, रक्तातला ऑक्सिजन 88 टक्के आणि छातीत दोन्हीकडे शिट्ट्या. दम्याचा तीव्र झटका होता. मी ऑक्सिजन लावला, श्वासनलिका सैल करणाऱ्या साल्ब्युटामॉल आणि इप्राट्रोपियमची वाफ सुरू केली, सूज उतरवणारे हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड शिरेतून दिले. दुसरी वाफ संपत आली तेव्हा पुन्हा स्टेथोस्कोप लावला, तर शिट्ट्या जवळजवळ थांबल्या होत्या. मला हायसे वाटले आणि केसपेपरवर ‘सुधारणा’ असे लिहिण्यासाठी मी पेन उचलले.

तेवढ्यात आमचे सर आले. त्यांनी पाठीवर चार ठिकाणी ऐकले आणि हळूच म्हणाले, “शिट्टी गेली हे खरे, पण श्वास कुठे आहे?”

मी पुन्हा ऐकले. छाती वरखाली होत होती, पण आत काहीच ऐकू येत नव्हते. शिट्टी वाजायलाही हवा वाहावी लागते, आणि इथे हवाच आत-बाहेर होत नव्हती. धमनीतल्या रक्ताच्या तपासणीत कार्बन डायऑक्साइड 44 आला. छापील मर्यादेत हा आकडा अगदी व्यवस्थित बसतो. मात्र मिनिटाला 36 श्वास घेणाऱ्या माणसाचा कार्बन डायऑक्साइड बराच खाली गेलेला असायला हवा. तो 44 असणे म्हणजे रुग्ण दमत चालला आहे आणि थोड्याच वेळात त्याचा श्वास थांबू शकतो.

श्वासनलिकांच्या भिंतीत अनैच्छिक स्नायूंचे पट्टे वेढे घेऊन असतात. ते आवळले गेले की नळी अरुंद होते, आणि नळीची त्रिज्या निम्मी झाली तर संथ वाहणाऱ्या हवेला होणारा अडथळा तब्बल 16 पट वाढतो. त्यात सूज आणि चिकट कफाची भर पडली की वाफेतले औषध, जिथे त्याची सर्वांत जास्त गरज आहे, नेमके तिथेच पोहोचत नाही. म्हणून सरांनी रक्तावाटे जाणारे औषध मागवले, मॅग्नेशियम सल्फेट. आमच्या कपाटात ते संपले होते. सिस्टर धावत प्रसूतिकक्षातून घेऊन आल्या, कारण गरोदरपणातल्या झटक्यांसाठी तिथे ते कायम ठेवलेले असते. स्नायूच्या पेशीत कॅल्शियम शिरले की स्नायू आवळतो, आणि मॅग्नेशियम त्या शिरकावालाच अडथळा आणते. श्वासनलिकेत नळी घालण्याची सगळी तयारी उशाशी मांडून आम्ही 2 ग्रॅम औषध 100 मिलिलिटर सलाइनमधून 20 मिनिटांत सोडले.

मी स्टेथोस्कोप पाठीवरून काढलाच नाही. सलाइन संपल्यानंतर काही मिनिटांनी, उजव्या बाजूला खाली, दूरवरून यावी तशी एक बारीक शिट्टी ऐकू आली. मग दुसरी. सरांकडे पाहून मी नुसती मान हलवली. शिट्टी ऐकून इतका आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता. सकाळी सहा वाजता कार्बन डायऑक्साइड 36 होता आणि बाई सलग वाक्य बोलत होत्या.

बाहेर सासूबाई म्हणाल्या, “मी सारखं सांगत होते, मोठा श्वास घे, मोठा श्वास घे. तर तिला जास्तच खोकला यायचा.” त्यांचा सल्ला खोटा नव्हता. निरोगी माणसाचा खोल श्वास श्वासनलिकेचा स्नायू ताणून सैल करतो. 1995 साली जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी निरोगी स्वयंसेवकांना खोल श्वास घेऊ न देता नलिका आवळणारे औषध हुंगवले, तेव्हा त्यांच्याही श्वासनलिका दमेकऱ्यांसारख्याच आवळल्या. दम्यात मात्र खोल श्वासाचा हा आधारच लंगडा पडतो.

बाईंकडे साल्ब्युटामॉलचा निळा पंप होता, आणि 200 फवाऱ्यांचा तो पंप त्यांना महिनाभरही पुरत नसे. “मारला की दहा मिनिटांत मोकळं वाटतं, मग दुसरं औषध कशाला?” असे त्यांचे म्हणणे होते. मला याचाच त्रास होतो, कारण त्यांचा अनुभव शंभर टक्के खरा असतो. निळा पंप स्नायू सैल करतो. सूज, कफ आणि भिंतीची वाढती जाडी तो तशीच ठेवतो. दम्यावर निव्वळ असा पंप वापरू नये, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनीही 2019 पासून स्पष्ट सांगितले आहे. आम्ही त्यांना रोज घ्यायचा स्टेरॉइडचा पंप सुरू केला आणि तो कसा ओढायचा हे तीनदा करून घेतले.

सहा आठवड्यांनी फुंकर तपासणीत पहिल्या सेकंदात 1.4 लिटर हवा बाहेर पडली, आणि निळा पंप दिल्यावर 1.75. वाढलेले 350 मिलिलिटर म्हणजे सैल झालेला स्नायू. पण त्यांच्या उंची-वयाला 2.5 लिटरच्या आसपास अपेक्षित होते. उरलेली तफावत कशाची, असे त्यांनी विचारले. मी सांगितले की काही भाग सुजेचा असेल, तो आणखी उतरेल. पण वर्षानुवर्षे दमा राहिला की हे स्नायू जाड होतात, आणि दम्याने दगावलेल्यांच्या श्वासनलिकांत ही जाडी 1922 सालीच मोजली गेली होती.

त्या थोडा वेळ विचार करून म्हणाल्या, “तालमीतल्या पोरांचे दंड फुगतात, तसं का?”

मी हो म्हणाले. निघताना त्यांनी सांगितले की, जात्यात धान्य ओतण्याचे काम आता दिराकडे दिले आहे आणि त्या स्वतः बाहेर वजनकाट्यावर बसतात.