पाण्याची वही

मृग आठवड्यावर आलाय, बाहेर पारा काल 41 वर होता आणि मी पंख्याखाली फरशीवर सॅक उपडी करून बसले आहे. दरवर्षी मे संपता संपता हे होतंच. सॅकच्या तळातून गेल्या हिवाळ्यातली एक लिमलेटची गोळी, कुसळं भरलेला एक मोजा आणि माझी वही निघाली. वहीवर मोठ्या अक्षरात ‘पाणी’ लिहिलंय. घरातल्यांना वाटतं नगरपालिकेच्या नळाचं वेळापत्रक असेल.

पुण्या-मुंबईचे ओळखीचे लोक ट्रेक ठरवताना आधी किल्ला ठरवतात. कुठला गड, किती चढ, फोटोला काय आहे. आमच्याकडे मराठवाड्यात हे उलटं करावं लागतं. आधी पाणी कुठं आहे ते बघायचं, मग तिथून कुठला गड जवळ पडतो ते बघायचं. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, त्यामुळे रकाने आखायची सवय आहेच. जागा, पाण्याचा प्रकार (टाकं, हापसा, विहीर, नाला), पिण्यालायक की नुसतं वापरायचं, आणि कोणी सांगितलं. गेल्या जानेवारीनंतर पाचवा रकाना वाढवला: तारीख.

तो का वाढवला ते आधी सांगते.

मी, लातूरचा माझा मावसभाऊ आणि त्याची बायको असे तिघं हळद्याकडून जंजाळ्याकडे निघालो होतो. सिल्लोड तालुक्यातलं पठार, कडेला अजिंठ्याच्या डोंगराची धार. वहीत लिहिलं होतं, ‘वाटेत नाला, वाहतं पाणी, चांगलं.’ लिहिलं मीच होतं, पण नोव्हेंबरात. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात तिथं पोचलो तर नाला म्हणजे नुसते दगड, आणि त्यांच्यावर वाळलेल्या शेवाळाचा पापुद्रा. तिघांत मिळून दीड लिटर पाणी उरलं होतं. मावसभाऊ काही बोलला नाही. त्यानं फक्त स्वतःची बाटली कानाजवळ नेऊन हलवली. 2016 साली मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं होतं, ते दिवस त्यानं काढलेत. तेव्हापासून पाणी डोळ्यांनी नाही, कानानं मोजतो.

शेळ्या घेऊन एक म्हातारे बाबा येत होते. आमचे चेहरे बघूनच त्यांना कळलं असावं. नाल्याच्या वळणावर, जिथं वाळू जराशी काळपट दिसत होती, तिथं ते बसले आणि हातानं उकरायला लागले. कोपरापर्यंत हात गेला तेव्हा बोटं ओली निघाली. मग माझ्या स्टीलच्या पेल्यानं अजून थोडं उकरलं आणि बिडी शिलगावून शांत बसले. खड्ड्याच्या भिंतीतून पाणी घामासारखं सुटत होतं. तळाशी पेलाभर गढूळ पाणी साठल्यावर भावजय पुढं सरकली तर म्हणाले, “पयलं फेकून द्या, बाई. दुसरं बी फेकून द्या. तिसरं भरा.” तसंच केलं. दोन लिटर भरायला पाऊण तास लागला. याला झिरा म्हणतात, हे मला आजीच्या तोंडून माहीत होतं, पण झिऱ्याचं पाणी पहिल्यांदा प्यायले त्या दिवशी. अर्थात उकळून. पैसे देऊ केले तर बाबांनी घेतले नाहीत, काडीपेटी मात्र मागून घेतली.

चूक माझीच होती, आणि ती नकाशा बघितला असता तरी टळली असती. अजिंठ्याची रांग म्हणजे पाणलोटाची धार आहे. तिच्या उत्तरेला पडलेलं पाणी तापीला मिळून अरबी समुद्रात जातं, दक्षिणेला पडलेलं गोदावरीला मिळून थेट बंगालच्या उपसागरात. म्हणजे धारेच्या कडेनं चालणारा माणूस प्रत्येक ओढ्याच्या उगमापाशी चालत असतो. ओढ्याला मागून पाणी पुरवणारी जमीनच तिथं जेमतेम असते. खाली खोऱ्यात त्याच नाल्याला फेब्रुवारीपर्यंत पाणी असेल, पण वर तो सगळ्यांत आधी आटणार. जुन्या लोकांनी डोंगरमाथ्यावर कातळ कोरून टाकी केली ती काही हौस म्हणून नाही. बाणोटीजवळच्या सुतोंडा किल्ल्यावर तर टाकीच टाकी आहेत. मी आणि मावसभावानं ती मोजायचा प्रयत्न दोनदा केला आणि दोन्ही वेळा आमचे आकडे जुळले नाहीत.

तर आता यंदाचं.

पावसाळ्यात एकच जायचं ठरवलंय, श्रावणात, गौताळ्याच्या बाजूला. वरून पितळखोरं, खाली पाटणादेवी. त्या दिवसांत पाणी वाहून न्यायचा प्रश्न नसतो, पाण्यापासून वाचायचा असतो. वर ढग फुटला की खालच्या नाल्याला अर्ध्या तासात लोंढा येतो, तेव्हा पलीकडे अडकून बसण्यापेक्षा अलीकडे थांबलेलं बरं. पितळखोऱ्याच्या लेण्यात एक पाच फण्यांचा नाग कोरलाय. वरून येणारं पाणी त्याच्या फण्यांतून बाहेर पडावं अशी सोय दगडातच केली आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचं प्लंबिंग! इथला एक यक्ष दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, त्याच्यावर तो घडवणाऱ्या कान्हदास नावाच्या सोनाराचं नाव आहे. लेणी बघायला लोक जातात आणि धबधब्यासमोर सेल्फी काढून परत येतात, नागाकडे कुणी बघत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

गौताळा अभयारण्य आहे, 1986 पासून. जंगलात रात्री राहायचं नाही, वनखात्याच्या नाक्यावर नोंद करायची, संध्याकाळच्या आत बाहेर पडायचं. बिबटे आणि अस्वलं आहेतच. 2021 मध्ये तर यवतमाळच्या टिपेश्वरहून एक वाघ चालत इथवर आला होता. तीनशेच्या वर किलोमीटर, ना सॅक ना स्टोव्ह. मावसभाऊ म्हणतो, खरा ट्रेकर तो.

दसरा-दिवाळीच्या मधे बालाघाटचे डोंगर, म्हणजे बीडकडचा धारूरचा किल्ला. हा दोन दिवसांचा निवांत कार्यक्रम आहे, त्याला ट्रेक म्हणायला मावसभाऊ तयार नाही. खरं सांगायचं तर मी सीताफळांसाठी जाते. बीड-बालाघाटच्या सीताफळाला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, पण त्याआधीही ती तितकीच गोड होती. आदिलशाहीत 1567 मध्ये बांधलेल्या किल्ल्याच्या पाण्याची नावं वहीत आधीपासून आहेत, गोडी दिंडी आणि खारी दिंडी. वहीचा तिसरा रकाना इतका सोपा दुसरीकडे कुठंच भरला गेला नाही. फक्त पावसाचा भरवसा नाही. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टीनं जे झालं ते बघितल्यावर ऑक्टोबरची तारीख पेननं लिहायची हिंमत होत नाही. पेन्सिलीनं लिहिली आहे. शिवाय त्याच दिवसांत सोयाबीनची काढणी असते, रस्त्यावर मळणी यंत्रं असतात. गावात कुणाला वाट विचारायची तर त्यांच्या कामात पाय अडकवायचा नाही.

आणि मग मुख्य. डिसेंबरचा दुसरा आठवडा, तीन दिवस, तीच गेल्या वर्षीची वाट पण या वेळी सोयगावकडून सुरुवात. पहिल्या दिवशी वेताळवाडीचा किल्ला. हळदा घाटाचा रस्ता त्याच्या कुशीतूनच जातो, त्यामुळे वर पोचायला फार दम लागत नाही. बारादरीच्या कमानीत बसलं की खाली सगळा खानदेश पसरलेला दिसतो. मग पठारावरून जंजाळा आणि दरीत उतरून घटोत्कच लेणी. तिथं वराहदेवाचा शिलालेख आहे. वाकाटक राजांचा मंत्री. अजिंठ्याचं सोळा नंबरचं लेणंही त्यानंच दान दिलेलं. अजिंठ्याला गर्दी रांगा लावून असते आणि त्याच माणसाच्या या दुसऱ्या लेण्यात गेल्या वेळी आमच्याखेरीज फक्त वटवाघळं होती. शेवटी अंभईला येऊन सिल्लोडची एसटी.

मावसभावाचा हट्ट होता की तसंच धारेनं अजिंठ्यापर्यंत जाऊ, लेणापूरच्या बाजूनं व्ह्यू पॉइंटवर उतरू. कागदावर फारच सुंदर दिसतं. वही उघडली तर त्या टप्प्यात माझ्याकडे पाण्याच्या दोनच नोंदी आहेत आणि एकीवर तारीख नाही. खोडलं. तो दोन दिवस फोनवर नीट बोलला नाही.

वजनाचं सांगते, कारण या वेळी मी सगळं काट्यावर घातलं. सॅक रिकामी 1.7 किलो, टेंट 2.3, स्लीपिंग बॅग 1.2, मॅट 400 ग्रॅम, स्टोव्ह-गॅस-पातेलं मिळून 800, कपडे 1.6, तीन दिवसांचं खाणं 1.8, टॉर्च-औषधं-दोरी-सटरफटर 800. झाले 10.6. त्यात पाच लिटर पाणी, म्हणजे पाच किलो, झाले 15.6. माझं वजन 52. म्हणजे माझ्या तीस टक्के मी पाठीवर घेणार आणि त्यातला एक तृतीयांश नुसतं पाणी. गुडघ्यांना विचारलं तर ते नाहीच म्हणाले.

सॅकमधून काय काढायचं यावर तीन रात्री घातल्या. हलकी स्लीपिंग बॅग बघितली, किंमत बघून पान बंद केलं. मग अक्कल आली की टेंटच काढायचा. मुक्काम गडावर करायचाच कशाला? दोन्ही रात्री गावात थांबायचं, मारुतीच्या देवळात नाहीतर शाळेच्या ओसरीवर, सरपंचांना आधी विचारून. गाव तिथं हापसा. म्हणजे संध्याकाळचा स्वयंपाक, रात्रीचं पिणं, सकाळचं आवरणं हे सगळं पाणी पाठीवर येतच नाही. दिवसाचे फक्त चार लिटर. टेंट गेला, एक लिटर गेलं, 12.3 वर आले. गडावर चांदण्यात झोपण्याची हौस मला आहे, नाही कशाला म्हणू. पण झिऱ्याकाठी पाऊण तास बसल्यावर ती जरा कमी झाली आहे.

पाण्याबद्दल एक धंद्यातली गोष्ट. पाणी नितळ दिसतं म्हणून शुद्ध नसतं. पावसाळा लागला की आमच्याकडे टायफॉइडच्या तपासण्यांची रांग लागते, आणि त्यातल्या कितीतरी जणांनी ‘झऱ्याचं एकदम काचेसारखं पाणी’ प्यायलेलं असतं. टाक्याचं पाणी आधी फडक्यानं गाळायचं, मग खळखळून उकळायचं. उकळायला वेळ नसेल तर क्लोरीनची गोळी, आणि पाकिटावर लिहिलाय तितका वेळ थांबायचं. पाणी गढूळ असेल तर गोळीचा जोर कमी पडतो, म्हणून आधी गाळणं आलंच. कबुतरं बसतात त्या टाक्याकडे बघायचंसुद्धा नाही.

खाण्याचं खातं भावजयीकडे. पहिल्या दिवशी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी, ते दुसऱ्या दुपारपर्यंत सहज टिकतात. रात्री येसर. बाहेरगावच्या वाचकांसाठी: धान्यं-डाळी आणि मसाला भाजून दळलेलं हे पीठ. उकळत्या पाण्यात सोडलं की दहा मिनिटांत आमटी. शंभर ग्रॅममध्ये तिघांचं भागतं. दुकानातली महागडी ‘ट्रेकिंग मील’ची पाकिटं एकदा आणली होती, त्यांची चव पुठ्ठ्यासारखी आणि वर पाणी दुप्पट लागलं.

राहिली एसटी. आमच्या योजना मुक्कामी गाडीवर चालतात. रात्री गावात येऊन झोपणारी आणि भल्या सकाळी तालुक्याला जाणारी गाडी ज्या गावात आहे, तिथंच शेवटचा मुक्काम. माझं आणि भावजयीचं तिकीट 2023 पासून अर्धं लागतं. मावसभाऊ पूर्ण भरतो, आणि दर वेळी कंडक्टरला ऐकू जाईल असा सुस्कारा सोडतो.

एवढं सगळं वहीत उतरवून झाल्यावर काल जंजाळ्याच्या काकांना फोन लावला. गेल्या जानेवारीत त्यांच्याच ओसरीवर आम्ही चहा प्यायलो होतो. म्हटलं, काका, डिसेंबरात दुसऱ्या आठवड्यात येतोय तिघं, तेव्हा वरच्या नाल्याला पाणी असेल का?

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग बादली ठेवल्याचा आवाज आला.

“ताई,” काका म्हणाले, “आमच्याकडं आज टँकर आला नाही. आधी मिरीग तर पडू द्या, मग नाल्याचं विचारा.”

तो रकाना रिकामा ठेवलाय. दिवाळीत परत फोन करणार आहे.