पडद्यावरचे जादा अनुस्वार

निफाडमधल्या एका छापखान्याचा संगणक गेली बारा वर्षे मी सांभाळतो आहे. २००७ च्या सुमाराचा बोर्ड, डीडीआर-२ प्रकारची एक जीबी रॅम, विंडोज एक्सपी आणि पाने जुळवण्याचे पेजमेकर. तो बदलावा असे मी स्वतःच अनेकदा सुचवले होते. परंतु मराठी फॉन्टच्या जुन्या सॉफ्टवेअरचे लॉक, म्हणजे जे जोडल्याशिवाय ते चालत नाही असे छोटे उपकरण, मागच्या पॅरलल पोर्टलाच बसते, आणि लग्नपत्रिका, बिलबुके, यात्रांची पत्रके असे वर्षानुवर्षांचे काम त्याच फॉन्टमध्ये साठवलेले आहे. त्यामुळे मालक अण्णांना तो सोडवत नाही, आणि त्यांचे कारण मला पटते.

जानेवारीत तिथून फोन आला. मजकूर जुळवणाऱ्या ताईंच्या शेजारी बसून मुद्रितशोधन करणारे निवृत्त गुरुजी पडद्यावर ‘नांव’ वाचून अस्वस्थ झाले होते. अनुच्चारित अनुस्वार १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी गेले, ते पत्रिकेत पुन्हा कसे आले, असा त्यांचा प्रश्न होता. ताईंनी तो शब्द दोनदा नव्याने टाइप केला, तरी टिंब जागेवरच. कागदावर प्रत काढली तर मात्र ‘नाव’ स्वच्छ छापले गेले. थोड्या वेळाने पाहतात तो ठिपके सगळ्या पडद्यावर विखुरलेले होते, काही लुकलुकणारे, काही स्थिर.

मी पोहोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते आणि पडदा निर्मळ होता. मॉनिटरची केबल जुनी झाली असेल असे समजून मी ती बदलली आणि निघून आलो. ही माझी चूक होती. दोष दिसत नसताना केलेल्या दुरुस्तीला काही आधार नसतो, हे मला त्या वेळी आठवायला हवे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. या वेळी मी ताईंना एकच प्रश्न विचारला, की हे दिवसात नेमके कधी होते. त्या म्हणाल्या, “भाऊ, सकाळी मशीन चालू केल्यावर पहिला अर्धा तास. नंतर आपोआप जातात. कधीकधी सकाळीच मशीन अडकतं सुद्धा.” उष्णतेने बिघडणारे संगणक मी पुष्कळ पाहिले आहेत, पण ते तापल्यावर बिघडतात. हा तर तापल्यावर सुधारत होता. निफाडची थंडी ठाऊक असलेल्यांना जानेवारीतल्या सकाळी पत्र्याच्या छपराखालचा छापखाना किती गार पडतो ते सांगायला नको. तिसऱ्या दिवशी साडेसहाला अण्णांनी कुलूप उघडले तेव्हा मी दारात उभा होतो.

संगणक सुरू होताच, विंडोज यायच्या आधी, बायोसच्या, म्हणजे बोर्डावरच्या मूळ प्रोग्रामच्या, अक्षरांवरच ठिपके दिसले. म्हणजे ड्रायव्हरचा किंवा फॉन्टचा संबंध संपला. मॉनिटरचे बटण दाबून त्याचा स्वतःचा मेनू उघडला, तर त्या चौकटीत एकही ठिपका नव्हता. तो मेनू मॉनिटर स्वतः काढतो, म्हणून पडद्याची काचही निर्दोष ठरली. उरला तो संगणकच. या बोर्डावर वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही. पडद्याचे चित्र मुख्य रॅममधल्याच राखून ठेवलेल्या भागात मांडले जाते. १०२४ गुणिले ७६८ ठिपके, प्रत्येकी चार बाइट, म्हणजे सुमारे तीन एमबी, आणि ते सेकंदाला साठ वेळा वाचले जातात. वाचताना एखादा बिट उलटला, म्हणजे शून्याचा एक किंवा एकाचा शून्य झाला, तर तो डोळ्यांना लगेच दिसतो. उरलेल्या रॅममध्ये उलटलेला बिट कुणालाच दिसत नाही, आणि ताईंचे सगळे काम त्या उरलेल्या भागात चालते. हे लक्षात आले तेव्हा मला पडद्यापेक्षा पत्रिकांची काळजी वाटू लागली.

सीडीवरून रॅम तपासणारी मेमटेस्ट लावली. पहिल्या काही मिनिटांतच चुकांच्या लाल ओळी येऊ लागल्या. रॅमच्या पट्टीचे पाय रबराने घासून पट्टी पुन्हा बसवली, मग माझ्याजवळची दुसरी पट्टी लावली, तरी चुका येतच होत्या. मल्टिमीटरवर रॅमचा पुरवठा १.८ व्होल्ट, अगदी हवा तसा. मग टॉर्च घेऊन रॅमच्या स्लॉटशेजारी वाकून पाहिले, तेव्हा विजेचा पुरवठा स्थिर ठेवणाऱ्या पाच कपॅसिटरपैकी तिघांची डोकी फुगलेली दिसली, आणि एकाच्या माथ्यावर तपकिरी खपली धरली होती. आतला द्रव सुकत गेला की कपॅसिटरचा अंतर्गत रोध वाढतो, थंडीत तो आणखी वाढतो, आणि पुरवठ्यातील चढउतार सपाट करण्याचे काम त्याला झेपत नाही. मल्टिमीटर सरासरी दाखवतो, त्यामुळे ते चढउतार त्यावर उमटत नाहीत. बोर्ड तापला की रोध उतरतो आणि ठिपके नाहीसे होतात. म्हणूनच दुपारी मला काही सापडले नव्हते.

नाशिकहून १०५ अंश तापमानापर्यंत चालणारे, कमी रोधाचे, १००० मायक्रोफॅरड आणि ६.३ व्होल्टचे पाच कपॅसिटर आणले. फुगलेले तीनच न बदलता पाचही बदलले, कारण सर्वांचे वय एकच. अशा बोर्डाच्या अर्थिंगच्या छिद्रातला सोल्डर सहजी वितळत नाही. आतला तांब्याचा थर उष्णता ओढून घेतो. आधी ताजा सोल्डर भरून, मग पंपाने ओढून, एकेक पाय सोडवायला दुपार झाली. बसवताना कपॅसिटरवरची ऋण बाजूची खूण प्रत्येक वेळी दोनदा पडताळली.

त्याच वेळी गुरुजी मागच्या पंधरवड्यातील प्रती मूळ हस्तलिखितांशी ताडून पाहत होते. एका लग्नपत्रिकेत ‘१३ फेब्रुवारी’ऐवजी ‘१७ फेब्रुवारी’ निघाले. घरच्यांच्या हस्ताक्षरात १३ स्पष्ट होते, आणि ताईंच्या पहिल्या छापील प्रतीवरही १३ च होते. आमच्या फॉन्टमध्ये अंक इंग्रजी अंकांच्याच जागी आहेत. तीनचा सांकेतिक क्रमांक ५१, साताचा ५५. दोघांत फरक एका बिटाचा. पत्रिका अजून छपाईला गेली नव्हती. ताई रडवेल्या झाल्या होत्या, त्यांना मी हे कागदावर शून्य-एक मांडून दाखवले. चूक त्यांच्या बोटांची नाही हे त्यांना समजणे मला आवश्यक वाटले.

संगणक रात्रभर त्याच गारठ्यात बंद ठेवला. सकाळी साडेसहाला थेट मेमटेस्ट लावली आणि दोन पूर्ण फेऱ्या होऊ दिल्या. एकही चूक आली नाही. त्यानंतर पत्रिका उघडली, ताईंनी १७ चे १३ केले, आणि गुरुजींनी चष्मा सावरून पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.