‘शारदा’ची तालीम : सहावा आठवडा

आमच्या सांगलीच्या महाविद्यालयात गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संगीत शारदा’ हे संगीत नाटक केवळ मुलग्यांना घेऊन बसवण्याच्या प्रयोगात या आठवड्यात एक मोठी अडचण सुटली. शारदेचे काम करणारा विद्यार्थी सुरुवातीची पदे उत्तम म्हणत असे. मात्र तिसऱ्या अंकापर्यंत त्याचा गळा बसे. स्त्रीची भूमिका म्हणून तो काळी चार या उंच पट्टीत, चोरट्या आवाजात गात होता, हे माझ्या उशिरा लक्षात आले. ऑर्गनवरच्या विद्यार्थिनीने पट्टी खाली काळी एकवर आणली, तेव्हा गळा तर मोकळा झालाच, पण शब्दही स्वच्छ ऐकू येऊ लागले. देवलांची भाषा घरात बोलावी इतकी साधी असल्यामुळे शब्द हरवला की पदाचा अर्थच जातो.

दुसरा बदल नऊवारीचा. सुमारे सव्वाआठ मीटरचे ते लुगडे आम्ही रंगीत तालमीसाठी राखून ठेवणार होतो. हरिपूरच्या एका आजींनी मुलांना निऱ्या, ओचा आणि कासोटा शिकवला आणि पहिल्याच दिवशी पावले आपोआप आखूड पडू लागली. चाल शिकवण्यात मी तीन आठवडे उगाच घालवले होते. आता प्रत्येक तालीम लुगड्यातच होते.

हरिपूर हे देवलांचे गाव, आणि १८९९ साली हे नाटक रंगभूमीवर आले तेव्हाही स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत. पुढे १९०५ मध्ये बालगंधर्व शेजारच्या मिरजेत शकुंतला म्हणून प्रथम उभे राहिले. ही परंपरा नकलेची नव्हती, हे मुलांना पटवणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. शनिवारी वसतिगृहातील मुलांसमोर तालीम केली, तेव्हा लग्नाला निघालेल्या पंचाहत्तरीच्या भुजंगनाथावर हसू आले, ते योग्यच होते. पण शारदेवरही हसू आले आणि मला फार वाईट वाटले. पैशासाठी बाप जिला म्हाताऱ्याला देतो, त्या मुलीवर प्रेक्षक हसले तर नाटकच संपले. पदर दातांत धरणे आणि मान वेळावणे या दोन लकबी मी त्याच रात्री काढून टाकल्या. सोमवारी तोच प्रवेश पुन्हा केला, तेव्हा तीच मुले गप्प बसून होती.

गंगावन (खोटे केस) अजून खोप्यात नीट बसत नाही आणि शारदेची मैत्रीण वल्लरी हिच्या प्रवेशाच्या वेळी ते दोनदा सुटले. लग्नमंडपाचा प्रवेश घेण्याआधी तेवढे पक्के करायचे आहे.