आमची वाटचाल : आधी बूट उलटा करून बघा

कोल्हापुरात चप्पल घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आधी पट्टा बघतं, मग अंगठा, मग चार पावलं चालून ती करकर वाजते का ते ऐकतं. आमचे आबा कुणाचीही चप्पल हातात आली की पहिल्यांदा ती उलटी करायचे. तळाच्या टाक्यांवरून बोट फिरवायचे, कडा दाबून बघायचे, नाकाशी धरून वास घ्यायचे. "वरचं कुणीबी सजवतंय रं, खाली काय हाय ते बघ," म्हणायचे. आज आमच्याकडे चपला कमी आणि बूट जास्त होतात, तेही बरेचसे जुन्या वळणाचं लेदर जॅकेट घालणाऱ्यांसाठी. तरीही दुकानातल्या फळीवर प्रत्येक जोडातला एक बूट आम्ही उलटा ठेवतो. नवीन माणूस विचारतो, हा पडलाय का? मग आमचं बोलणं तिथूनच सुरू होतं.

आमचं घर चर्मकारांचं. आजोबा सुभाषनगरात बसून काम करायचे. चामडं यायचं ढोर समाजातल्या ओळखीच्या घरांतून. मी लहानपणी ते कमावताना पाहिलं आहे. कातडं चुन्याच्या पाण्यात ठेवून केस काढायचे, मग त्याचीच पिशवी शिवायची, आत बाभळीची साल आणि हिरडा घालून पाणी भरायचं आणि पिशवी टांगून ठेवायची. पाणी झिरपून खाली आलं की पुन्हा वरून ओतायचं. असं कमावलेलं चामडं सुरुवातीला कडक असतं, पण हळूहळू पायाचा आकार घेतं आणि मग तो सोडत नाही. आजोबांच्या चपलेत खिळा नसायचा. तळ शिवायचा तो चामड्याच्याच वादीनं. आई चपलेच्या पट्ट्याची वेणी घालायची आणि तिच्या वेणीचा पीळ इतका सारखा असायचा की दुसऱ्या दुकानातली माणसं ती बघायला यायची. 2019 साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. त्या दिवशी आईनं देवापुढे चामडं कापायची रापी ठेवली होती.

बुटांकडे आम्ही वळलो ते बुलेटवाल्यांमुळे. शनिवार-रविवारी गगनबावड्याकडे, आंबा घाटाकडे निघणारी मुलं दुकानात यायची. चपलेत गाडी चालवता येत नाही आणि बाजारातले बूट एका पावसाळ्यात उघडे पडतात, ही त्यांची तक्रार. आबा म्हणाले, बूट म्हणजे बंद पायताणच की. आग्र्याहून जुने फर्मे, म्हणजे बूट ज्यावर घडवतात ते पायाच्या आकाराचे साचे, आणले आणि कामाला लागलो.

पहिली खेप मी चुकीची केली, ते सांगायलाच हवं. बूट दिसायला देखणे होते. पण सोल चिकटवलेला, ज्याला बाजारात पेस्टिंग म्हणतात. चामडं मी चमक बघून घेतलं होतं. पहिल्या जोरदार पावसात तीन जोड परत आले. एकाचा सोल मगरीच्या जबड्यासारखा उघडलेला. पैसे परत केले. आबा काही बोलले नाहीत, त्यांनी तो बूट फक्त उलटा करून माझ्यासमोर ठेवला.

तरी खरा धडा मिळाला तो सांगलीच्या एका गिऱ्हाइकाकडून. त्यांनी धारावीत मापानं जॅकेट शिवून घेतलं होतं. अमेरिकेच्या लष्करी वैमानिकांसाठी 1931 साली आलेल्या ए-2 जॅकेटच्या धर्तीवर, बकरीच्या चामड्याचं, गडद तपकिरी, कमरेपर्यंतचं, मनगटाला लोकरी पट्टी. "याला जुळणारे बूट करा," म्हणाले. मी जॅकेटचा रंग डोळ्यात साठवला आणि अगदी त्याच रंगाचं चामडं शोधून आणलं. जुळलं म्हणजे किती जुळावं! ते खूश होऊन गेले. आठ-नऊ महिन्यांनी परत आले आणि जॅकेट व बूट माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. जॅकेट कोपरांवर, खिशांच्या कडांवर उजळलं होतं, मऊ पडलं होतं, जास्त सुंदर दिसत होतं. बूट मात्र जिथे बोटं वाकतात तिथे तडकले होते आणि तडकेतून फिकट धागे दिसत होते. ते आवाज चढवून एक शब्दही बोलले नाहीत. "जॅकेट म्हातारं होतंय, बूट नुसते खराब होतायत," एवढंच म्हणाले.

त्या एका वाक्यावर पुढची सगळी वर्षं उभी आहेत.

कारण काय होतं ते मग शिकलो. चामड्याच्या वरच्या थराला दाणा असतो, छिद्रं असतात, जनावराला आयुष्यात लागलेले ओरखडे असतात. तो थर तसाच ठेवला तर ते फुल ग्रेन. ओरखडे जावेत म्हणून वरचा थर घासून काढला, त्यावर रंगाचा जाड लेप दिला आणि खोटा दाणा दाबून उठवला की सगळं चामडं एकसारखं, निर्दोष दिसतं. मी तेच घेतलं होतं. त्या लेपाला झिजणं माहीत नाही, तो फक्त फुटतो. आणि 'जेन्युइन लेदर' हा शिक्का बघून निश्चिंत होऊ नका. चामडं खरं आहे एवढंच तो सांगतो, कोणत्या थराचं आणि कोणत्या प्रतीचं ते सांगत नाही. दुकानात बूट हातात घ्या आणि अंगठ्यानं दाबा. चांगल्या चामड्यावर बारीक, मोकळ्या सुरकुत्या उठतात आणि अंगठा काढला की विरतात. लेप दिलेलं चामडं नुसतं खोलगट होतं, नाहीतर त्यावर एक जाड घडी पडते. दाणा सगळीकडे छापल्यासारखा सारखा असेल तर तो बहुतेक छापलेलाच असतो.

दुसरी गोष्ट जाडीची. जॅकेटचं चामडं साधारण एक ते सव्वा मिलिमीटरचं, अंगावर पडलं पाहिजे म्हणून. बुटाला आम्ही दोन मिलिमीटरच्या आसपास वापरतो. अंगात भारदस्त जॅकेट आणि पायात जॅकेटच्याच जाडीचा बूट असला की माणूस खालून हलका दिसतो, वरून जड. हे आरशात लगेच कळतं, फक्त त्याचं कारण कळत नाही.

2015 मध्ये राज्यात बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली आणि आमच्या धंद्यातलं चामड्याचं गणित बदललं. आमच्यासारख्या लहान कारखान्याला ती दोन वर्षं फार ओढाताणीची गेली. आता अपरचं, म्हणजे बुटाच्या वरच्या भागाचं, चामडं आम्ही तामिळनाडूतल्या आंबूर-राणीपेट भागातून आणतो. म्हशीचं चामडं जाड, दाणा ठसठशीत. रांगड्या बुटाला ते शोभतं. ते वापरायला आम्ही त्याच काळात, अडचणीपोटी शिकलो आणि आज काही गिऱ्हाइकं खास तेच मागतात.

आता शिवण. आमचा बूट आम्ही हातानं वेल्ट करतो. वेल्ट म्हणजे अपर आणि सोल यांना जोडणारी, बुटाच्या कडेनं फिरणारी चामड्याची पट्टी. इनसोलच्या, म्हणजे पायाखाली येणाऱ्या आतल्या तळाच्या, जाड चामड्याला रापीनं खालून खाच पाडायची, आरीनं भोकं पाडून मेण लावलेल्या दोऱ्यानं अपर, अस्तर आणि वेल्टची पट्टी एकत्र ओढून शिवायची, मधल्या पोकळीत पोलादी शँक, म्हणजे तळाला आधार देणारी पट्टी, आणि कॉर्क भरायचा, आणि सोल शिवायचा तो फक्त वेल्टला. हेच काम मोठ्या कारखान्यांत गुडइयर वेल्टचं यंत्र करतं. रबर टिकाऊ करणाऱ्या चार्ल्स गुडइयरच्या मुलानं ते पुढे आणलं, म्हणून ते नाव. टायरच्या कंपनीशी या यंत्राचा संबंध नाही. यातली खुबी अशी की सोल झिजला तर वेल्टचे टाके कापून नवा सोल लावता येतो, अपरला हातही लागत नाही. आणि कॉर्कवर काही महिन्यांत तुमच्या पावलाचा ठसा उमटतो. वादीनं तळ शिवलेले हात वेल्ट शिवायला फार लवकर शिकले. आमच्या मामांनी, म्हणजे आमच्याकडच्या सगळ्यात जुन्या कारागिरांनी, पहिला वेल्ट शिवून झाल्यावर म्हटलं, "ह्यात नवीन काय हाय? दोराच तेवढा बदलला." सोल शिवायचं यंत्र मात्र आम्ही जुनं घेतलं. त्याचे दोन दाते तुटलेले होते, ते उद्यमनगरात एका लेथवाल्यानं करून दिले. ते यंत्र अजून चालतंय.

बुटाच्या तळाला दिसणारे टाके नेहमी खरे असतात असं नाही. काही बुटांच्या कडेला शोभेची शिवण असते, वेल्टची पट्टीही असते आणि सोल मात्र नुसता चिकटवलेला. म्हणून उलटा करायचा. सोलच्या खाली टाक्यांची खाच दिसते का, कडेवरचे टाके आणि खालचे टाके एकमेकांना जुळतात का ते बघायचं. काही चांगल्या बुटांत खालचे टाके चामड्याच्या पापुद्र्याखाली लपवलेले असतात, तिथे सरळ विचारायचं की पुन्हा सोल बसवून द्याल का. उत्तर देताना दुकानदार कुठे बघतो त्यावरून कळतं.

जुळवण्याबद्दल आमचं मत त्या सांगलीच्या जोडानंतर ठाम झालं. रंग अगदी तोच नको. एक-दोन छटांचं अंतर हवं, आणि शक्यतो बूट जॅकेटपेक्षा गडद. सारख्या रंगाचे दोन्ही घेतले तर गणवेश वाटतो, आणि वर्षभरात दोन्ही वेगवेगळे उजळले की जोड फसल्यासारखा दिसतो. ए-2 सारख्या साध्या, बटणाच्या कॉलरच्या तपकिरी जॅकेटला साधा टोपीचा, म्हणजे पुढच्या टोकावर चामड्याचा वेगळा तुकडा शिवलेला, सहा इंची, लेसचा बूट. त्या काळचे अमेरिकी सैनिकही तांबूस तपकिरी बूटच घालत, त्यामुळे ही जोडी पहिल्यापासूनचीच आहे. तिरक्या चेनचं काळं मोटरसायकल जॅकेट वेगळं. त्याची रीत न्यूयॉर्कच्या आयर्व्हिंग शॉट यांनी 1928 साली पाडली. त्याच्यावर बक्कल, पट्टे, कॉलर इतकं काही असतं की खाली उंच, जड टाचेचा, शक्यतो बिनलेसचा बूट लागतो. मेण मुरवलेल्या सुती कापडाच्या जॅकेटला चकाकता बूट कधीही देऊ नका. तेल मुरवलेलं, बोटानं दाबलं की रंग हलणारं चामडं त्याला भावासारखं शोभतं. जॅकेटची चेन पितळी असेल तर बुटाच्या लेसची भोकंही पितळी. माझ्या लेखी हा बारकावा बेल्ट आणि बुटांचा रंग जुळवण्यापेक्षा महत्त्वाचा आहे, पण माझ्या बायकोला हे अजिबात पटत नाही आणि हिशोबासारखंच गिऱ्हाइकांशी बोलणंही आमच्याकडे तीच बघते.

काळ्यात आमचा आवडता माल म्हणजे वरून काळा आणि आत तपकिरी. घोड्याच्या कातड्याच्या जुन्या जॅकेटांवर कोपराला असा चहासारखा रंग उघडा पडतो. बुटाच्या टोकाला तो लवकर दिसतो, विशेषतः गिअरच्या पायाला. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला असायचा, आताच्या गाड्यांचा डाव्या. त्यामुळे बूट बघून गाडी नवी की जुनी ते आम्ही ओळखतो, आणि ऑर्डर घेतानाच तो प्रश्न विचारून त्या पायाच्या टोकाला दुहेरी चामडं घालतो.

मापात आम्ही फार चुका केल्या. आपल्याकडे लहानपण उघड्या चपलेत जातं, बोटं पसरलेली असतात, आणि विलायती वळणाचा फर्मा पुढे निमुळता. लोक मग एक नंबर मोठा घेतात. पंजा बसतो, टाच निसटते, आणि बूट चुकीच्या जागी वाकून तिथेच मरतो. आम्ही जुन्या फर्म्यांना पंज्यापाशी चामड्याचे तुकडे डकवून रुंद करत करत स्वतःचे फर्मे बनवले. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं देशभरातले पाय मोजून 'भा' नावाची मापपद्धत सुचवली आहे. ती रुळली तर आमच्यासारख्यांचं ओझं हलकं होईल. तोवर माप द्यायला संध्याकाळी या, दिवसभर चालून पाय थोडा सुजलेला असताना, आणि जे मोजे घालणार तेच घालून या. नवीन बुटात टाच किंचित हलली तर चालेल, सोल वाकायला लागला की ती बसते. बोटं मात्र पहिल्या दिवशीही दबता कामा नयेत.

आणि पाऊस. जून ते सप्टेंबर आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या बुटांपैकी बहुतेक पाण्यानं नाही, वाळवण्यानं बिघडलेले असतात. ओला बूट उन्हात, चुलीजवळ, हीटरपुढे ठेवला की चामड्यातलं तेल जातं आणि तो तडकतो. आत वर्तमानपत्र कोंबा, ते भिजलं की बदला, सावलीत आडवा ठेवा म्हणजे तळालाही वारा लागेल. एक दिवस घातला की एक दिवस विश्रांती द्या. जॅकेट आणि बूट, दोन्ही प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवू नका. कोल्हापूरच्या हवेत पंधरा दिवसांत पांढरी बुरशी धरते.

2020 मध्ये टाळेबंदीत तीन महिने एकही जोड विकला गेला नाही. त्या काळात आम्ही जुन्या गिऱ्हाइकांना फोन करून सांगितलं की झिजलेले बूट पाठवा, सोल बदलून देतो, पैसे नंतर द्या. त्या कामावर सात जणांची घरं चालली. तेव्हा वेल्टच्या बुटाचं मोल मला गिऱ्हाइकापेक्षाही जास्त कळलं.

सांगलीच्या गृहस्थांना मी बूट पुन्हा करून दिले होते, फुल ग्रेनचे, जॅकेटपेक्षा दोन छटा गडद, हातानं वेल्ट केलेले. पैसे घेतले नाहीत. गेल्या महिन्यात ते बूट दुसऱ्यांदा सोल बदलायला आले. टाचेच्या आतलं अस्तर फाटलं होतं, तेवढं नवीन घातलं. बोटांपाशी सुरकुत्या आहेत, तडा एकही नाही. आबांचे डोळे आता अधू झालेत, तरी त्यांच्या हातात दिले तर त्यांनी ते आधी उलटे केले आणि टाक्यांवरून अंगठा फिरवला.

सध्या टेबलावर बायकांच्या मापाचे फर्मे आहेत. बुलेट चालवणाऱ्या मुली गेली तीन वर्षं मागतायत आणि आम्ही त्यांना पुरुषांचाच लहान नंबर देत आलो, ते बरोबर नव्हतं. टाच अरुंद लागते, पोटरीचा घेर वेगळा लागतो. पहिले चार जोड शिवून झालेत, त्यातला एक माझी मुलगी रोज घालून कॉलेजला जाते आणि रात्री कुठे टोचलं ते खडूनं बुटावर खूण करून देते.