चार बुरुजांचा आराखडा

रविवार, रात्री

आज फ्रेम भिंतीवर चढली. फ्लोरिडात सेंट ऑगस्टीनला कास्तिल्यो दे सान मार्कोस नावाचा स्पॅनिश किल्ला आहे. त्याच्या अठराव्या शतकातल्या आराखड्याची ही मोठी छापील प्रत. दिवसभर जाता-येता तिच्यापुढे थांबते आहे.

मधोमध चौरस चौक. चारी कोपऱ्यांतून बाणाच्या पात्यासारखे पुढे आलेले चार बुरूज : सान पेद्रो, सान आगुस्तीन, सान कार्लोस, सान पाब्लो. भोवती खंदक, दक्षिणेच्या दरवाज्यासमोर त्रिकोणी पडकोट, म्हणजे मुख्य तटाबाहेरचं छोटं संरक्षक बांधकाम, पूर्वेला खाडी. लांबून बघितलं तर कुणी हौसेनं रेखलेली नक्षी वाटावी. पण हौसेची एकही रेघ यात नाही, आणि हा आराखडा मला एवढा आवडतो तो त्यामुळेच.

गोल बुरुजाच्या अगदी पुढ्यात थोडी जागा अशी राहते की तिथे आलेला शत्रू शेजारच्या बुरुजावरून नीट दिसत नाही. बुरुजाला टोक काढलं की ती जागाच उरत नाही. प्रत्येक बुरुजाची बाजू शेजारच्या बुरुजावरच्या तोफेच्या टप्प्यात येते. म्हणजे कागदावर दिसणारा हरेक कोन नजरेचा आणि माऱ्याचा आहे. डोंगरी किल्ल्याचा तट कड्याच्या कलानं वळतो, राखणीचं निम्मं काम डोंगरच करतो. सपाट किनाऱ्यावर तो आधार नाही, मग सगळी भिस्त भूमितीवर. हे एकदा उमगलं की चित्र बघायची रीतच बदलते. मी बोटानं एका बुरुजावरून दुसऱ्यापर्यंत रेघ ओढत बसते.

आराखडा लावायचा तर भिंत मोकळी हवी, यावर मी ठाम होते. सोबत होकायंत्र, दोरखंड, लाकडी जहाज असलं काही मांडलं की खोलीचा देखावा होतो आणि आराखड्याकडे कुणी बघतच नाही. त्या काळचे युरोपीय अभियंते चुनेगच्ची बांधकाम बहुधा लालसर रंगात भरत आणि अजून बांधायचं असलेलं पिवळ्यात दाखवत. त्यामुळे अशा कागदावर मुळातच दोन-तीन मंद रंग असतात. मागची भिंत पांढरट ठेवली, फ्रेम साध्या लाकडाची, काठ अरुंद. माउंट, म्हणजे चित्राभोवतीची कोऱ्या कागदाची चौकट, मात्र भरपूर रुंद घेतला, आणि आम्लविरहित कागदाचा, नाहीतर कडा पिवळ्या पडतात. खिडकीसमोरची भिंत टाळली, कारण उन्हानं शाई उडते आणि काचेवर उजेड चकाकला की बारीक अक्षरं वाचता येत नाहीत. उंची एवढीच ठेवली की उभ्या माणसाची नजर थेट चौकात पडावी. हे चित्र जवळ जाऊन वाचायचं आहे, म्हणून खाली सोफा नको.

इथवर सगळं मनासारखं झालं. तरी संध्याकाळपासून जीव त्या कागदावर नसलेल्या गोष्टींपाशी अडकला आहे.

१६६८ मध्ये समुद्री लुटारूंनी गाव लुटलं, मग १६७२ मध्ये या दगडी किल्ल्याचं काम सुरू झालं आणि १६९५ पर्यंत चाललं. दगड समोरच्या अनास्तासिया बेटावरचा. त्याला कोकीना म्हणतात. शिंपल्यांचे तुकडे एकमेकांत घट्ट बसून झालेला, सच्छिद्र दगड. तोफगोळा लागला की तो फुटून उडत नाही, गोळा आत रुतून बसतो. ते दगड काढणाऱ्या आणि वाहणाऱ्यांत आसपासच्या मूलनिवासी वस्त्यांतून आणलेली माणसं होती, कैदी होते, गुलामही होते. १७०२ मध्ये इंग्रजांनी वेढा घातला तेव्हा सुमारे दीड हजार माणसं पन्नासेक दिवस या भिंतींआड राहिली. गाव जळलं, किल्ला टिकला. १७४० च्या वेढ्यातही टिकला. लढून तो कुणालाच घेता आला नाही. हात बदलले ते तहांनी : १७६३ मध्ये इंग्रजांकडे, मग पुन्हा स्पेनकडे, १८२१ मध्ये अमेरिकेकडे.

अमेरिकेनं त्याचं नाव फोर्ट मॅरियन केलं आणि त्याचा तुरुंगही केला. १८७५ मध्ये अमेरिकेच्या मैदानी प्रदेशातल्या कायोवा, शायेन आणि इतर मूलनिवासी जमातींच्या सत्तरांहून अधिक लोकांना, त्यांच्यावर खटला न चालवता, बेड्या घालून इथे आणलं. १८७८ पर्यंत ते इथे होते. त्यांच्यातल्या झोटॉम, हाउलिंग वुल्फ, बेअर्स हार्ट अशा तरुणांनी वह्यांच्या पानांवर रंगीत चित्रं काढली : शिकार, घोडे, रेल्वेचा प्रवास. काहींनी हा किल्लाही काढला. त्याच भिंती, पण आत राहणाऱ्याच्या नजरेनं आणि माणसांसकट.

अभियंत्यानं माणसं काढली नाहीत, यात त्याचा दोष नाही. आराखड्याचं ते कामच नव्हे. पण तो घरात लावणारी मी अभियंता नाही. ज्या चौकाच्या प्रमाणबद्धतेचं मी सकाळपासून कौतुक करते आहे, तिथे माणसं डांबली होती, हे ठाऊक असताना नुसत्या रेघा टांगून ठेवणं मला पटत नाही. आराखडा उतरवणार नाही. तो खरोखर सुंदर आहे, आणि त्याचं सौंदर्य नाकारणंही खोटंच होईल.

म्हणून ठरवलं आहे की शेजारी त्या वह्यांतल्या एका चित्राची प्रत लावायची, किल्लाच काढलेला असेल अशी. ती मूळ पानाएवढीच छापून घेणार, मोठी करणार नाही. वहीचं पान वहीच्याच मापाचं दिसायला हवं. फ्रेम आणि माउंट अगदी या आराखड्यासारखेच, आणि दोन्ही चित्रांचे मध्य एका रेषेत. खालच्या चिठ्ठीवर चित्रकाराचं नाव, जमात आणि साल तिन्ही लिहीन. त्यासाठी आराखडा डावीकडे थोडा सरकवावा लागेल. हुक नव्यानं ठोकायचा आहे, ते उद्या.