अँथेमियसच्या गावाला जाऊ नका, सरळ आया सोफियाची गॅलरी गाठा

आधीच सांगतो, आया सोफिया, म्हणजे इस्तंबूलचं ते प्रचंड जुनं चर्च (आता मशीद), बांधणाऱ्याचं गाव बघू म्हणून पश्चिम तुर्कस्तानातल्या आयदनला जाऊ नका. मी गेलो. ५३२ ते ५३७, पाच वर्षांत तो डोंगर उभा करणारे दोघे, ट्रालेसचा अँथेमियस आणि मिलेटसचा इसिडोर, दोघंही याच पट्ट्यातले, आणि ट्रालेस म्हणजे आजचं आयदन. एका गाईडने छातीठोक सांगितलं होतं की अख्खं जुनं शहर आहे. आहे काय, तर टेकाडावर रोमन जिम्नॅशियमच्या तीन कमानी, त्याही अँथेमियसच्या कितीतरी आधीच्या. भर दुपारी चढलो, सावली शून्य, त्याच्या नावाची साधी पाटीसुद्धा दिसली नाही. शेवटी कमानीखाली बसून त्याचा किस्सा आठवत बसलो: शेजारच्या झेनोशी बिनसलं तर ह्या बाबाने पाण्याचे हंडे उकळवून चामड्याच्या नळ्यांतून वाफ त्याच्या माडीच्या तुळयांना दिली, घर हादरलं आणि झेनो भूकंप समजून रस्त्यावर पळाला.

इसिडोरच्या मिलेटसची तर वेगळीच रड. जवळच्या दिदिम गावाहून टॅक्सी केली, जाऊन-येऊन ठरलेले पैसे एक, परत आल्यावर वेटिंगचे वेगळे मागितले, वर माझ्यावरच आवाज चढवला. वेटिंगसकट आकडा कागदावर लिहून घ्या, मगच बसा. थिएटर जबरदस्त आहे (१५,००० माणसं बसायची म्हणे), मेंडेरेस नदीच्या गाळाने बंदर बुजलं आणि समुद्र कुठल्या कुठे गेला, ते वरून नीट कळतं. पण इसिडोरचं तिथे काही नाही. पाणी दोन लिटर तरी न्या.

मधले इफेससचे दोन दिवस छान गेले, त्यावर सगळेच लिहितात.

आता इस्तंबूल. आया सोफियात पर्यटकांना २५ युरो आणि फक्त वरची गॅलरी, खालचा भाग नमाजवाल्यांसाठी. मी पण आधी शिव्याच घातल्या. पण वर गेल्यावर पैसे फिटले, कारण वरचे खांब चक्क बाहेरच्या बाजूला कललेले दिसतात! पहिला घुमट चपटा होता, त्याचा रेटा बाहेर, त्यात भूकंप, ५५८ मध्ये कोसळला. मग धाकट्या इसिडोरने, म्हणजे थोरल्याच्या पुतण्याने, साधारण सहा मीटर उंच करून ५६२ पर्यंत परत उभा केला, म्हणजे रेटा जास्त करून खाली उतरला. ९८९ च्या भूकंपात परत एक भाग पडला तेव्हा अर्मेनियाचा वास्तुविशारद त्रदात दुरुस्तीला आला. लोक मोझाइकचे सेल्फी काढून दहा मिनिटांत निघतात, वेडे आहेत. मी फोनमधलं कल मोजायचं लेव्हल ॲप उघडून खांबाला लावलं तर गार्ड धावत आला, तेव्हा लांबूनच बघा.